टेन्स मशीन, साडेचार महिन्यांनंतर: यंत्राला चार तारे, पुस्तिकेला शून्य

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढे जाता येईल. यंत्र चांगलं आहे. पॅड ठीकठाक. सोबतची पुस्तिका चक्क धोकादायक. माझं दुखणं बरं झालं का? नाही. तरी तारे देतेय, कारण दुखणं बरं करणं हे या यंत्राचं कामच नव्हे. ते खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले.

मी मुद्रितशोधक आहे. सव्वीस वर्षं प्रुफं वाचतेय. मान खाली, उजवा कोपर टेबलावर, नजर ओळीवर. त्याची परतफेड म्हणजे उजव्या खांद्यामागचं जे त्रिकोणी हाड असतं, त्याच्या कण्याकडच्या कडेला अंगठ्याच्या ठशाएवढी एक जागा. सकाळी ती गप्प असते. अकराच्या सुमारास जागी होते. दुपारी तीनपर्यंत तिथून मानेत आणि मानेतून कानामागे चढते. तपासण्या झाल्या. हाडात काही नाही, नस दबलेली नाही. डॉक्टरांनी व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं आणि तिथे पहिल्यांदा हे यंत्र पाठीला लागलं. वीस मिनिटांनी पॅड काढल्यावर, "किती वाजले?" म्हणत मी मागच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मान वळवून पाहिलं. हे माझ्या लक्षात यायच्या आधी त्या मॅडमच्या लक्षात आलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "व्यायाम मात्र सोडायचे नाहीत हं." तर, व्यायाम चालू आहेत. पण घरी कामाच्या वेळी लावायला माझं स्वतःचं यंत्र घेतलं. हा अभिप्राय त्याचा.

टेन्स म्हणजे ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन, कातडीवरून मज्जातंतूंना विजेचे बारीक ठोके देणं. माझं मॉडेल जुन्या पद्धतीचं आहे, हातात मावणाऱ्या रेडिओसारखं. डोक्यावर ० ते ८ आकड्यांच्या दोन डायली, प्रत्येक डायलीची वेगळी वायर, प्रत्येक वायरीला दोन पॅड, म्हणजे एकूण चार. पुढच्या झाकणाखाली ठोक्यांचा वेग आणि एकेका ठोक्याची लांबी ठरवायच्या बारीक खुंट्या, एक टायमर आणि बी, सी, एम अशी तीन मोड. आत नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. नव्या मॉडेलांना पडदे असतात, त्यावर माणसाची आकृती उमटते म्हणे. मला डायलीच हव्या होत्या. न बघता, खिशात हात घालून फिरवता येतात.

आता पुस्तिका. खोकं उघडल्यावर माणूस यंत्र बघतो, मी छापील कागद बघते, खोड आहे. मराठी पान होतं याचा आनंद तीन ओळी टिकला. 'पल्स विड्थ'चं भाषांतर 'नाडीची रुंदी'. ठीक, कळतं. वायरीला इंग्रजीत 'लीड' म्हणतात, पण स्पेलिंग शिशाचंच. तर पान चारवर आज्ञा आहे: "शिसे सॉकेटमध्ये घट्ट घालावे." इथपर्यंत मी हसत होते. पान सातवर, कुठे वापरू नये त्या यादीत, एक वाक्य आहे: "गळ्याच्या पुढील बाजूस पॅड लावावेत." 'लावू नयेत'चं 'लावावेत' झालंय. गळ्याच्या पुढच्या बाजूला, रोहिणीच्या दुभाजकापाशी, रक्तदाबावर लक्ष ठेवणारी संवेदनशील जागा असते. तिथे विजेचे ठोके दिले तर रक्तदाब एकदम घसरू शकतो, शिवाय स्वरयंत्राचे स्नायू आखडू शकतात. म्हणून जगभर ही जागा निषिद्ध आहे. एका 'नये'ची किंमत काय असते ते आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं, पण इतकं उघडं उदाहरण मी पाहिलं नव्हतं. लाल शाईनं दुरुस्ती केली, फोटो काढून कंपनीला पाठवला. स्वयंचलित उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." 'अभिप्राय'मधली वेलांटी तरी बरोबर होती.

पहिल्या दिवशी पॅड लावायला लेकीला बोलावलं, कारण ती जागा माझ्याच हाताच्या टप्प्यात नाही.

"आई, इथं?"

"जरा वर."

"इथं?"

"नाही, आतल्या बाजूला. नाही नाही, खाली."

"अगं, खालीच तर लावला होता आधी!"

ती वैतागली आणि मग तिनं दोन पेन्सिली घेतल्या. डोळे मिट म्हणाली आणि पाठीला टोचलं. "किती?" एक, मी म्हणाले. दोन होत्या, तीन सेंटिमीटर अंतरावर. पुन्हा टोचलं, मी पुन्हा एक म्हणाले. अंतर पाच सेंटिमीटरपर्यंत गेलं तेव्हा कुठे मला दोन टोकं वेगळी कळली. मग बोटाच्या टोकावर तेच केलं तर अर्ध्या सेंटिमीटरला दोन पेन्सिली स्वच्छ वेगळ्या. हा खेळ तिला कॉलेजच्या मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मिळालेला. अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञानं १८३४ साली कर्कटकाची दोन टोकं अंगभर टेकवून हेच मोजलं होतं. बोटाच्या टोकाला दोनतीन मिलिमीटर पुरतात, पाठीला चारेक सेंटिमीटर लागतात. मेंदूत बोटांना आणि ओठांना ऐसपैस जागा दिलेली असते, पाठीच्या वाट्याला चिंचोळी पट्टी.

हे एवढ्यासाठी सांगितलं की पुस्तिकेतला "पॅड वेदनेच्या नेमक्या बिंदूवर ठेवा" हा सल्ला पाठीच्या बाबतीत निरर्थक आहे. मी ज्याला अंगठ्याच्या ठशाएवढी जागा म्हणत होते तीसुद्धा माझी समजूतच. दुखऱ्या भागाच्या वर एक आणि खाली एक असे पॅड ठेवायचे, म्हणजे झिणझिण्या मधून जातात. मधल्या जागी दुखणं आपोआप सापडतं. दोन पॅड एकमेकांना चिकटता कामा नयेत, बोटभर तरी अंतर हवं. आणि वायरी जोडताना, पॅड लावताना दोन्ही डायली शून्यावर. हे पुस्तिकेत आहे आणि बरोबर आहे.

डायलीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण नव्या माणसाची इथेच फसगत होते. शून्यापासून दोनपर्यंत काहीच कळत नाही. वाटतं, बिघडलंय. अडीचला मुंगी चालल्यासारखं होतं. तीनला झिणझिण्या छान भरतात. मग वाटतं, तीनला इतकं बरं तर चारला आणखी बरं. मी सरळ चारवर नेली आणि ओरडलेच.

स्वभावदोष माझा, पण त्यामागे एक नियम आहे. हार्वर्डचे एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९५०च्या दशकापासून माणसांना बसवून मोजलं, की बाहेरची उत्तेजना वाढते तशी आतली जाणीव किती वाढते. उजेडाच्या बाबतीत आपण फार कंजूष: लहानसा दिवा दुप्पट प्रखर वाटायला उजेड सुमारे आठपट करावा लागतो. विजेच्या धक्क्याच्या बाबतीत उलटं. तिथे त्यांचा घातांक ३.५ आला. म्हणजे डायल प्रवाहाच्या प्रमाणात फिरते असं धरलं, तर तीनवरून चारवर जाताना प्रवाह एकतृतीयांशानं वाढतो आणि जाणीव जवळजवळ पावणेतीनपट. त्यांनी बोटांतून वीज सोडून मोजलं होतं, माझी पाठ वेगळी, आकडा तंतोतंत लागू होणार नाही. पण दिशा तीच. म्हणून ही डायल आवाजाच्या बटणासारखी फिरवू नका. तीननंतर केसभर, थांबून, पुन्हा केसभर. नवे मॉडेल घेणाऱ्यांनी एक बघा, एका दाबाला किती वाढतं. पायऱ्या बारीक हव्यात. माझ्या यंत्रात पायऱ्याच नाहीत, सलग फिरते, हा मी गुण मानते.

कुठे थांबायचं? "जोरदार, पण दुखणार नाही" इतकं. कमी ठेवलं तर नुसती गुदगुली होते, उपयोग नाही. हे का, ते कळायला थोडं आत शिरावं लागतं.

टेबलाला कोपर आपटला की आपण काय करतो? हात आपोआप जातो आणि चोळतो. कुणी शिकवावं लागत नाही. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक हे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हे ब्रिटिश चेताशास्त्रज्ञ यांनी 'सायन्स' नियतकालिकात या चोळण्याला आधार दिला. त्यांचं म्हणणं असं, की दुखण्याचा निरोप थेट मेंदूला जात नाही, मज्जारज्जूत त्याला एक फाटक लागतं. स्पर्श, दाब, कंप यांचे निरोप जाड, वेष्टन असलेल्या तंतूंतून भराभर येतात. दुखण्याचे निरोप बारीक तंतूंतून येतात, आणि त्यातल्या सर्वांत बारीक, उघड्या तंतूंतून तर सेकंदाला मीटरभराच्या वेगानं. (पायाचं बोट ठेचकाळलं की आधी लख्ख कळ आणि श्वासभर थांबून मग ती ठसठस येते ना, ती या रेंगाळणाऱ्यांची.) जाड तंतूंवर गर्दी झाली की फाटक लोटलं जातं आणि बारीकवाल्यांचे निरोप कमी पोचतात. फाटकावर वरून मेंदूचाही हात असतो: भीती, लक्ष, अपेक्षा सगळी तिथे येऊन बोलते. मूळ आराखड्यातले काही तपशील पुढे चुकीचे ठरले, पण मज्जारज्जूत निरोप कमीजास्त होतो ही गोष्ट टिकली. आणि विजेची गंमत अशी, की बाहेरून प्रवाह दिला तर आधी जाड तंतूच जागे होतात. बारीक जागे व्हायला जास्त लागतो. डायल तीन म्हणजे जाड तंतूंची गर्दी, चार म्हणजे बारीकवालेही उठले. मी चारला ओरडले ते त्यांनीच ओरडायला लावलं.

वॉल यांनी विल्यम स्वीट या शल्यविशारदांबरोबर १९६७ मध्ये हे आधी स्वतःच्या चेहऱ्यातल्या मज्जातंतूवर करून पाहिलं आणि मग रुग्णांवर. त्याच्या खूप आधी, इसवी सन ४६च्या सुमारास, स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य संधिवाताच्या रुग्णाला ओल्या किनाऱ्यावर जिवंत विद्युत-माशावर पाय ठेवून उभा करायचा, गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईतो. माशाला डायल नव्हती. सेल बदलायची कटकटही नव्हती म्हणा.

तीन मोडांपैकी माझा रोजचा एम. सी म्हणजे सलग एकसारखे ठोके. मी वेगाची खुंटी १००च्या आसपास ठेवते, म्हणजे सेकंदाला शंभर. पण दहा मिनिटांत झिणझिण्या विरतात. यंत्र चालू, सेल भरलेला, आणि जाणीवच नाही. मनगटावरचं घड्याळ बांधल्यावर पाच मिनिटांनी जसं जाणवेनासं होतं तसं, एकसुरी गोष्ट आपली यंत्रणा ऐकणं सोडून देते. मग डायल थोडी वाढवावी लागते. एम मोडमध्ये ठोक्यांची चाल आपोआप बदलत राहते, त्यामुळे तितकं लवकर विरत नाही. शिवाय रोज तेच, तितकंच लावलं तर मूळ गुणही हळूहळू कमी होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो काही दिवसांतच मावळलेला दिसला. मी आठवड्यातून दोन दिवस यंत्राला सुट्टी देते आणि पुढच्या आठवड्यात खुंट्या थोड्या हलवते.

बी मोडची एकच गोष्ट सांगते. त्यात ठोक्यांचे झुपके येतात, सेकंदाला दोनेक, आणि स्नायू उडतात. ही तऱ्हा शरीरात तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांना कामाला लावते असं मानतात. त्यांना अडवणारं नॅलोक्झोन टोचल्यावर तिचा आराम ओसरतो, हे १९७९ मध्ये दाखवलं गेलं. मी कौतुकानं बी लावला आणि सवयीनं प्रुफं वाचायला बसले. दर अर्ध्या सेकंदाला उजवा खांदा उडायचा. एका शुद्ध, निर्दोष परिच्छेदावर लाल शाईचा आडवा फराटा मारला गेला. दुसऱ्या दिवशी जुळारी विचारतोय, "मॅडम, हे सगळंच काढायचं का?" तेव्हापासून बी फक्त आडवी पडून.

आता खरा प्रश्न, फरक किती? इथे माझं आणि फिजिओथेरपिस्ट मॅडमचं थोडं वाजलं. त्या विचारायच्या, शून्य ते दहात किती? सात, मी सांगायचे. यंत्र लावून? पाच. पण त्या दोन आकड्यांत काय गेलं ते सांगायला मला आकडा पुरेना. आयुष्य शब्दांत गेलेल्या बाईला "सात" म्हणायला लावणं म्हणजे छळ आहे. माझ्यासारखेच कुणी मेल्झॅक यांच्याकडेही आले असावेत. १९७५ साली त्यांनी मॅकगिल विद्यापीठात वेदनेची प्रश्नावली केली, त्यात ७८ शब्द, २० गटांत. काही गट नुसत्या जाणिवेचे, काही भावनेचे, म्हणजे दमवणारं, धास्तावणारं वगैरे. एकाच तीव्रतेची दोन दुखणी वेगळी असू शकतात, हे त्यात गृहीत धरलंय.

मी माझी यादी केली. आपल्याकडे काही कमी नाही. कळ आणि चमक एक नव्हेत: चमक येऊन जाते, कळ येते आणि थांबते. ठणका हा मोठा, त्याला ताल असतो. ठसठस त्याची धाकटी बहीण. रग भरते, आग होते, सल राहतो. सलाला जागा असते पण वेळ नसते. उसण भरते ती कमरेत, मानेत नाही, मानेत लचक. चुरचुर कातडीची, भगभग जखमेची. अवघडलं म्हणजे दुखतंय असं नाही, पण दुखणार हे नक्की. महिनाभर मी प्रुफाच्या समासात तासातासाला यातला शब्द लिहिला, शेजारी मॅडमसाठी आकडा. त्यातून जे दिसलं ते "सातावरून पाच" यात कधीच दिसलं नसतं. यंत्र लावल्यावर आग आणि रग जवळजवळ जाते. ठसठस अर्धी होते. चमक, म्हणजे मान पटकन डावीकडे वळवल्यावर येणारी, ती तशीच राहते. ती व्यायामानं कमी झाली, तीन महिन्यांनी. हे माझ्या पाठीचं, तुमचं वेगळं असेल. पण विकत घेण्याआधी आपल्या दुखण्याला कोणता शब्द लागतो हे चार दिवस लिहून काढा, एवढं आग्रहानं सांगते.

समासातल्या या नोंदींनी आणखी एक गोष्ट उघडी पाडली. रात्री निजताना मी वहीत पूर्ण दिवसाचा एक आकडा लिहायचे. एका दिवशी लिहिलं, ७. समासात पाहिलं तर सकाळपासून २, ३, ३, ४, ३, आणि शेवटच्या तासाला, यंत्र काढून घाईनं पुस्तकाचे दोन फॉर्म (छपाईच्या पानांचे गट) वाचले तेव्हा, ८. पूर्ण दिवस त्या तासानं गिळला होता. १९९३ मध्ये डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना १४ अंशांच्या पाण्यात एक मिनिट हात ठेवायला लावला. मग दुसऱ्या वेळी तेच एक मिनिट, आणि वर आणखी अर्धा मिनिट ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. पुन्हा एक करायचं तर कुठलं, विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. एकूण जास्त दुखलं, पण शेवट जरा बरा होता. हे वाचल्यापासून मी यंत्राचा शेवटचा डाव दिवसाच्या शेवटच्या तासाला ठेवते. लबाडी आहे खरी. पण रात्री वही लिहिणारी बाई आणि दुपारी अवघडणारी बाई यांत निजायचं पहिलीला असतं.

आणि आता जे सांगणार आहे ते नवऱ्यालाही आठवडाभर सांगितलं नव्हतं. दुसऱ्या महिन्यात एकदा एम मोडवर यंत्र लावून बसले. सुरुवातीला झिणझिण्या आल्या, मग विरल्या, नेहमीसारख्या. कोशाच्या नोंदी होत्या, बारीक टाइप, जीव ओतून वाचण्याचं काम. तास गेला. मान हलकी, आग नाही, समासात मी "छान" लिहिलंय. उठले तर वायरीची पिन सॉकेटातून निघून खुर्चीखाली लोंबत होती. केव्हा निघाली देव जाणे, पण खुर्ची मी बसल्यावर लगेच पुढे ओढली होती, तेव्हाच निघाली असणार.

म्हणजे मी तासभर बंद यंत्राचं कौतुक करत होते. आधी शरमले, मग चिडले, मग विचार करू लागले. यंत्र काढल्यावरही थोडा वेळ आराम टिकतो, हे एक. कोशाच्या नोंदींत बुडाले होते, लक्ष दुसरीकडे होतं, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे अपेक्षा. पण अपेक्षेनं थांबलेलं दुखणं खोटं, असं मात्र आता म्हणवत नाही. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून नुसतं खोटं इंजेक्शन दिल्यावर ज्यांना बरं वाटलं, त्यांना गुपचूप नॅलोक्झोन दिलं, तेच, वरच्या बी मोडमधलं. त्यांचं दुखणं वाढलं. म्हणजे विश्वासानं आलेल्या आरामामागेही शरीरातली खरीखुरी द्रव्यं असू शकतात. नवऱ्याला अखेर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग सेल कशाला आणतेस?" त्याला वाटलं विनोद केला. मी चार दिवस मुद्दाम पिन काढून लावून पाहिलं. पण पिन काढलीय हे मला माहीत होतं, त्यामुळे काहीच झालं नाही.

हीच अडचण संशोधकांनाही छळते. गोळी खोटी देता येते, झिणझिण्या खोट्या कशा देणार? रुग्णाला कळतंच. म्हणून टेन्सवरचे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असं सांगितलं. २०२२ मध्ये ३८१ चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या एका आढाव्यानं म्हटलं की यंत्र चालू असताना आणि लगेच नंतर दुखणं कमी होतं. मला ही दोन्ही वाक्यं माझ्या समासातल्या नोंदींशी जुळताना दिसतात. "चालू असताना आणि लगेच नंतर" हे शब्द खोक्यावर छापले तर कंपनीला मी पाचवा तारा देईन.

पॅडांना दोन तारे. चिकटपणा पंधरावीस वेळांनंतर जातो. घाम, तेल, केस या तीन गोष्टी वैरी. लावण्याआधी पाठ साबणानं धुवून कोरडी करा, काढल्यावर पॅडवर पाण्याचा एक थेंब बोटानं फिरवून प्लॅस्टिकच्या पत्र्यावर परत ठेवा, आठवडाभर जास्त चालतात. कोपरा सुटलेला पॅड मात्र फेकाच. माझा एक अर्धा सुटला आणि उरलेल्या अर्ध्यात सुई टोचल्यासारखं झालं. यंत्र पाठवतंय तितकाच प्रवाह, वाट निम्मी झालेली. कातडी दोन दिवस लाल होती. मी मधे गाडी चालवताना लावलं होतं हेही कबूल करते. एकदाच. तसं करू नका, एक दचका पुरतो.

पेसमेकर असलेल्यांनी, अपस्मार असलेल्यांनी, गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. डोक्यावर, डोळ्यांजवळ, जखमेवर, बधिर झालेल्या कातडीवर नको. झोपेत नको. आणि कशानं दुखतंय हेच माहीत नसेल तर आधी ते शोधा, फाटक लोटायची घाई नको. निरोप कधी कधी कामाचा असतो.

सेल माझ्या वापरात तीन आठवडे जातो. कमरेला अडकवायची क्लिप पहिल्याच महिन्यात तुटली, तिथे आता कागदांना लावायचा चिमटा आहे.

गेल्या आठवड्यात नवे पॅड मागवले. त्यांच्या पाकिटात पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली, चकचकीत कागद. उभ्या उभ्या पान सात उघडलं. "गळ्याच्या पुढील बाजूस पॅड लावावेत." मग पान चार पाहिलं. शिसे मात्र त्यांनी सुधारलंय, आता 'वायर' आहे.